मिकोची जागा

मिकोच्या जागेवर कुणाची तरी गाडी उभी होती. करड्या रंगाची, लहानशी, मागच्या काचेवर लांबच्या रस्त्याची धूळ. मी चर्चच्या तळघरातून येत होते. दर गुरुवारी आम्ही सात-आठ बायका तिथे शुक्रवारच्या विक्रीसाठी पिरोगी करतो. बटाट्याचं सारण भरायचं, कडा दाबून मुरड घालायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा. हातात माझ्या वाटणीची पिशवी, नखांत पीठ, उजवा गुडघा चढणीला शिव्या देत होता. वळणावर मान वर केली आणि समोर ही गाडी. आधी वाटलं, गल्ली चुकले. जन्मल्यापासून जिथे राहिले ती गल्ली चुकणार कशी? पण मिकोची जागा भरलेली आमची गल्ली मी वीस वर्षांत पाहिलीच नव्हती, त्यामुळे ती दुसऱ्याच कुणाची दिसत होती. दात बसवलेल्या माणसासारखी. मी तिथेच थांबले. पिशवीतल्या पिरोगींची ऊब मांडीला लागत होती.

आमच्या टेकडीवर घरं एकाला एक चिकटलेली, गॅरेज कुणालाच नाही. हिवाळ्यात आपापल्या दारापुढचा बर्फ उपसून गाडीपुरती जागा करायची आणि कामावर जाताना तिथे घरातली एखादी जुनी खुर्ची ठेवून जायचं. खुर्ची असली की जागा धरलेली. कायद्यात हे कुठेही नाही. पण पिट्सबर्गमधला माणूस एक वेळ शेजाऱ्याची बायको पळवील, खुर्ची हलवणार नाही. मिकोची खुर्ची आमच्या स्वयंपाकघरातली, पिवळ्या रेक्झिनची. ती फक्त हिवाळ्यात नाही, बारा महिने तिथे उभी असते. ऊन खाते, बर्फ खाते. रेक्झिन फाटलं तेव्हा मी वरून चिकटपट्टी लावली. मिको माझा धाकटा भाऊ. वीस वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या एका सकाळी याच जागेवरून त्यानं गाडी काढली, आणि तो गेल्यावर ती खुर्ची मी ठेवली.

आणि आता खुर्ची तिथे नव्हती. म्हटलं, फेकली असेल मेल्यानं फुटपाथवर, आणि मी शिव्यांची लाखोली तयार करायला लागले. माझ्याकडे इंग्रजी आहेत आणि बाबांकडून आलेल्या स्लोवाक आहेत, स्लोवाक जास्त लागतात. मग पाहिलं तर खुर्ची वर व्हरांड्यात होती. पायऱ्या चढवून नेलेली, माझ्या खुर्चीशेजारी ठेवलेली, रस्त्याकडे तोंड करून. अगदी जिथे मिको बसायचा तिथे. परका माणूस खुर्ची बाजूला ढकलतो. परका माणूस ती पायऱ्या चढवून नेत नाही, आणि नेलीच तर भिंतीला टेकवून ठेवतो. नंबरप्लेट ओहायोची होती. पण विमानतळावरच्या भाड्याच्या गाड्यांना कुठल्याही राज्याच्या प्लेटा असतात, हे मला माहीत होतं, आणि ते मला नेमकं त्याच क्षणी आठवलं. मन मोठं लबाड असतं बाई. त्याला हवं ते ते लगेच हुडकून काढतं.

समोरच्या व्हरांड्यात पाल्मिएरी बसला होता. हा पाल्मिएरी जन्मभर सिटी बस चालवून निवृत्त झालेला; आता बस नाही म्हणून व्हरांडा चालवतो. डोळ्यांवर टोपी, पोटावर रेडिओ. एक हाक मारली असती तर कळलं असतं गाडी कुणाची. या गल्लीत मांजर व्यालं तरी त्याला आधी कळतं. मी हाक मारली नाही. किल्ली काढली, दार उघडलं, आणि आत गेल्यावर म्हटलं, "मिको?" घर गप्प होतं. फ्रिज गुरगुरत होता. मला वाईट वाटलं नाही, उलट धीरच आला, कारण तो घरात नसणारच. बेसबॉलचा सामना चालू होता ना.

हे सांगायला हवं. मिकोला चुरशीचा सामना बसून ऐकवत नसे. बाबा असल्यापासूनची तऱ्हा. आम्ही तिघं व्हरांड्यात, रेडिओ कठड्यावर, आणि सामना शेवटच्या डावांत अटीतटीला आला की हा उठायचा. "मी ऐकलं की हरतात," म्हणायचा, आणि खिशात हात घालून उतारानं चालायला लागायचा. खाली पुलापर्यंत, तिथून दवाखान्याला वळसा घालून, मागच्या पायऱ्यांनी वर. बाबा ओरडायचे, "अरे गाढवा, तुझ्या कानांनी खेळतात का ते!" पण हा जायचाच. सामना संपला की वळणावर दिसायचा, आणि लांबूनच हात वर करून विचारायचा, काय झालं? जिंकलेलो असलो तर मी दोन्ही हात वर करायची. हरलेलो असलो तर काहीच करायची नाही, आणि तो मान खाली घालून यायचा. त्या वळणावर त्याला बघायची मला इतकी सवय झाली होती की अजूनही शेवटचा गडी बाद झाला की माझी मान आपोआप तिकडे वळते. वीस वर्षं वळते आहे. स्टेडियममध्ये असले तरी वळते, तिथे तर वळण नाहीच, खांब आहे.

स्टेडियममध्ये मी जागा दाखवायचं काम करते. लोकांची तिकिटं बघायची, त्यांना खुर्चीपर्यंत न्यायचं, आणि ती बसण्याआधी हातमोज्यानं पुसायची. पोरं, म्हणजे आमची टीम, हरायला लागली तशी लोकं कमी झाली. सप्टेंबरात तर माझ्या रांगांत कावळे. तरी मी सगळ्या खुर्च्या पुसते. बरोबरची डॉटी म्हणते, "अगं, भुतं बसणारेत का त्यावर?" बसणार नाहीत, मला ठाऊक आहे. पण खुर्ची म्हटली की ती कुणासाठी तरी असते, आणि जो येईल त्याच्या पँटला धूळ लागू नये, एवढंच. आज पोरं बाहेरगावी खेळत होती, म्हणून मला सुट्टी.

मी भांड्यात लोणी टाकलं, कांदा चिरला. रडण्याचं निमित्त हाताशी असावं म्हणून नाही. पिरोगी कांद्याशिवाय खायच्या कशा? बारा काढल्या. मग मिको एकटाच दहा खातो हे आठवून सगळ्या काढल्या. रेडिओ लावला. नऊ डावांतला पाचवा, दोन्ही संघ एकेक धाव. आणि समालोचक म्हणाला, आज जिंकले तर ब्याऐंशी.

ब्याऐंशी म्हणजे काय ते आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. हंगामात एकशे बासष्ट सामने. एक्क्याऐंशी जिंकले तर बरोबरी, ब्याऐंशी जिंकले तर तो हंगाम आपला, मग पुढचे सगळे हरलात तरी चालेल. वीस हंगाम आम्ही तो आकडा पाहिला नव्हता. सगळ्या अमेरिकेत एवढं सलग कुठली टीम हरली नव्हती. देशभर आमच्यावर विनोद व्हायचे, आणि आम्ही ते त्यांच्याआधी करायचो. न्हावी विचारायचा, "किती कापू?" आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "पोरांना कापलं तेवढे." लहान मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, त्यांना मुलं झाली, आणि जिंकलेला हंगाम कसा असतो हे त्यांतल्या कुणालाच माहीत नाही.

त्या शेवटच्या चांगल्या वर्षी, ऑक्टोबरात, एक गडी बाद करायचा राहिला होता. एकच. तो झाला असता तर पोरं अजिंक्यपदाला खेळली असती. मिकोची कंपनी बंद पडली होती, पोलादाची शेवटची भट्टी थंड झालेली, आणि ॲरिझोनात टूसॉनला त्याचा एक दोस्त छपरं घालायचं काम करत होता. दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलेलं, सामान गाडीत. त्या संध्याकाळी मात्र तो उठून गेला नाही. म्हणाला, "शेवटचा आहे, ऐकतो." मी त्याच्याकडे बघत राहिले; हा बसला कसा? आणि त्या एका गड्यानं चेंडू मारला, त्यांचा दुसरा घरंगळत, लोळत, धुळीत हात घालत घरच्या पाटीला शिवला, त्यांची धाव झाली, आणि आम्ही हरलो. गल्लीतले सगळे रेडिओ एकदम गप्प झाले. मिकोनं हात लांब करून आमचाही बंद केला. मग हसला. म्हणाला, "बघ, बसलो आणि हरले. आता लांबच जायला हवं. परत जिंकायला लागले की येतो, ताई. तोवर माझी जागा धर."

थट्टा होती. मला कळत नव्हतं असं नाही. आमच्या गावात अशा थट्टा सगळेच करतात. पाल्मिएरी म्हणतो पोरं जिंकली की मी बारीक होईन. पण त्यानं ते म्हटलं तेव्हा मला दुसरंच काहीतरी म्हणायचं होतं, आणि ही थट्टा तेवढी हाताशी होती. मी ती धरली. सकाळी गाडी वळणाआड गेली आणि मी आत येऊन ती पिवळी खुर्ची उचलली. पुढच्या वर्षी जिंकतीलच, असं तेव्हा शपथेवर सांगितलं असतं कुणीही.

पहिली काही वर्षं फोन यायचे. नाताळला, ईस्टरला. फार बोलायला त्याला यायचं नाही, बाबांसारखाच. "हरतायत का अजून?" "हरतायत." "मग काय," म्हणायचा, आणि आम्ही दोघं हसायचो, आणि त्या हसण्यात सगळं यायचं, तू कसा आहेस, जेवतोस का, कुणी भेटली का, घरची आठवण येते का. मग फोन कमी झाले. मग एकदा मीच लावला तर एक बाई स्पॅनिशमध्ये बोलली, आणि तिला मिको माहीत नव्हता. टूसॉनला कुणाकुणाला विचारलं. दोस्त मेक्सिकोच्या हद्दीकडे गेला होता, मिको त्याच्याबरोबर गेला असेल, नसेल. मरण पावल्याचं कुणी कळवलं नाही. जिवंत असल्याचंही नाही. माझ्याकडे राहिली ती थट्टाच. पोरं हरतायत, म्हणून तो येत नाही. इतकं सरळ होतं ते. प्रत्येक सप्टेंबरात हरण्याचा आकडा पूर्ण झाला की मी म्हणायची, यंदाही नाही बाई, आणि बरं वाटायचं. रात्री झोप लागायची.

म्हणून यंदा माझी झोप उडाली होती. मे महिन्यापासून पोरं जिंकत होती. गाव वेडं झालं होतं; खिडक्याखिडक्यांतून झेंडे, चर्चमध्ये फादर प्रवचनात धावसंख्या सांगायचे. स्टेडियममध्ये माझ्या रांगा भरल्या, पुसायला वेळ पुरेना. आणि प्रत्येक विजयाला सगळे उड्या मारायचे. मी टाळ्या वाजवायची, आणि मनात म्हणायची, अरे बास, इतक्यात नको. जिंकलात आणि तो आला नाही, तर मी कुणाची वाट बघू? हे कुणाला सांगायचं? डॉटी म्हणाली असती डोक्यावर परिणाम झाला. झालाच असेल.

पिरोगी परतून झाल्या, झाकून ठेवल्या, दोन ताटं घेतली आणि रेडिओ घेऊन व्हरांड्यात आले. पिवळ्या खुर्चीला हात लावला नाही. माझ्या खुर्चीत बसले. सातवा डाव. समोर पाल्मिएरीनं टोपी वर केली.

"काय गं ल्युबा, आज दोन ताटं?"

"तुला काय करायचंय?"

"मला काय! वास इथवर येतोय. बरं ते, ती गाडी बघितलीस ना, मी तुला सांगणारच—"

"नंतर सांग."

"अगं, पण ऐक तरी—"

"सामना ऐकू दे रे! तोंड आहे का बसचा भोंगा?"

त्यानं हसून टोपी पुन्हा डोळ्यांवर ओढली. आत्ता ऐकलं तर आत्ता कळेल. न ऐकलं तर अजून दोन डाव माझे. गाडीच्या टपावर ऊन पडलं होतं. मी मनात मिकोला चालवत होते: आता पुलाशी असेल. साठीला टेकलेला मिको कसा दिसत असेल? केस गेले असतील, बाबांचे गेले होते. वाळवंटाच्या उन्हानं काळवंडला असेल. चालताना डावा खांदा खाली, तो तसाच असेल, खांदे बदलत नाहीत. आता दवाखान्याला वळसा. दवाखाना पाडलाय, तिथे औषधांचं दुकान झालंय, तो थबकेल, म्हणेल हे काय. मग मागच्या पायऱ्या. त्याला धाप लागेल. मी त्याला सावकाश चढवत होते, सामना संपायच्या आत पोचू नये म्हणून.

नवव्या डावात आमच्या एका पोरानं चेंडू कोपऱ्यात मारला आणि दुसरा धावत घरी आला. दोन-एक. आता त्यांचे तीन गडी बाद करायचे. पहिला. दुसरा. मग त्यांचा एकजण पहिल्या पाटीवर पोचला, आणि रेडिओतला आवाज चिरकायला लागला. एकच गडी. तेव्हाही एकच राहिला होता. माझ्या तोंडून निघालं, "बाद करा रे त्याला," आणि मी दचकले, कारण ते मी खरंच म्हटलं होतं, मनापासून, मला जिंकायला हवं होतं, काय व्हायचं ते होऊ दे पण एकदाचं हवं होतं. चेंडू उंच उडाला. खूप वेळ उडालेलाच राहिला. मग आमच्या पोरानं तो झेलला, आणि समालोचकाचं ओरडणं, आणि समोरून पाल्मिएरीचं, आणि सगळी टेकडी वाजायला लागली. भोंगे, भांडी, चर्चची घंटा कुणीतरी ओढली. पाल्मिएरी त्याच्या वयाला न शोभेल असा नाचत होता आणि रडत होता. मी उभी राहिले. वळणाकडे तोंड केलं, आणि दोन्ही हात वर केले.

वळणावर ऊन होतं. एक कुत्रं पळत गेलं, भोंग्यांना घाबरून.

माझे हात वरच होते. तेवढ्यात पाल्मिएरीच्या वरच्या मजल्याचं दार उघडलं आणि एक मुलगी बाहेरच्या जिन्यावर आली. पंचविशीची, सावळी, गालावर उशीच्या वळ्या. "काय झालं? आग लागली का?"

"जिंकलो! अगं, जिंकलो!" पाल्मिएरी ओरडला. "ल्युबा, हेच तर सांगत होतो मघापासून. ही ब्रिएल. वरच्या खोल्या हिला दिल्यात. हॉस्पिटलात नर्स आहे, आज सकाळीच ओहायोहून आली."

मुलीनं माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे. "काकू, ती खुर्ची तुमची ना? सकाळी रस्त्यातच राहिलेली दिसली. म्हटलं, कुणी उचलून नेईल, म्हणून वर ठेवली. बरं केलं ना?"

बरं केलं ना, म्हणे. सगळ्या गल्लीनं वीस वर्षं जे केलं नाही ते हिनं चांगुलपणानं करून टाकलं होतं. मला तिच्यावर चिडता येईना. माझे हात कधी खाली आले ते कळलं नाही. पाल्मिएरीचा चेहरा एकदम उतरला. त्याच्या आत्ता लक्षात आलं असावं, दोन ताटं कशाची ते. तो रस्ता ओलांडून आला, आमच्या पायरीशी उभा राहिला आणि खाकरला.

"हे बघ, एका हंगामानं काय होतंय," तो म्हणाला. "जिंकायला लागले असं कधी म्हणायचं? दोन-चार वर्षं तरी सलग जिंकायला हवं. अजिंक्यपद तर लांबच. माणूस ते बघूनच निघेल ना? मी असतो तर तसाच—"

"तो येणार नाही, पाल्मिएरी."

हे वाक्य मी यापूर्वी कधी बोलले नव्हते. स्वतःशीसुद्धा नाही. पाल्मिएरीनं टोपी काढली आणि हातात धरली.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"झाली असतील बरीच वर्षं. सगळ्यांनाच माहीत आहे."

"मग दर हिवाळ्यात तिथला बर्फ कशाला उपसायचास? मी उठायच्या आधी? मला काय कळत नव्हतं, फावड्याचा आवाज येतो वर." माझा आवाज चढला होता, का ते मलाही सांगता आलं नसतं. "पाठ दुखते म्हणून बोंबलतोस आणि त्या रिकाम्या जागेचा बर्फ काढतोस! कशासाठी?"

तो गोंधळला. मी काहीतरी भलतंच विचारतेय असं त्यानं माझ्याकडे बघितलं.

"खुर्ची होती ना तिथे," तो म्हणाला.

मग मला रडू आलं. कांदा नव्हता, काही नव्हतं, भर व्हरांड्यात, सगळं गाव भांडी वाजवत असताना. मिकोसाठी रडले, पण नुसतं मिकोसाठी नाही. पाल्मिएरी पायरीवर बसून राहिला. मुलगी केव्हाचीच खाली आली होती, हातात किल्ली घेऊन रस्त्यात उभी होती, आणि तिला काय चाललंय ते कळत नव्हतं.

"काकू, गाडी काढू का? मी लावीन दुसरीकडे."

मी नाक पुसलं. गाडीकडे बघितलं. ती तिथे ठीक बसली होती, कडेला नीट लावलेली. "आजचा दिवस राहू दे," म्हटलं. "उद्याचं उद्या बघू. आणि वर ये. जेवलीयस का?"

ती वर आली. पाल्मिएरी पण आला, त्याला बोलवावं लागत नाही. दोघांना दोन ताटं दिली. पाल्मिएरी माझ्या खुर्चीत बसला, मुलगी पायरीवर टेकली, आणि मला बसायला ती पिवळी तेवढी उरली. इतकी वर्षं तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. बसले तर ती डुगडुगली. एक पाय आखूड झाला होता, गंजून असेल, मला माहीतच नव्हतं. पाल्मिएरी म्हणाला, ठोकून देईन उद्या. मी म्हटलं, दे. रेडिओवर ते पुन्हा पुन्हा ब्याऐंशी म्हणत होते. आत जाऊन माझ्यासाठी ताट आणायला हवं होतं, पण मी उठले नाही. वळणाकडे तोंड करून बसून राहिले.